डिव्हाइस लांब, ई-सिम आत, आता प्रोफाइल बदलायचं कसं?

मागच्या अंकात ई-सिमवर (सिमचं काम करणारी चिप, जिच्यात ऑपरेटरची सिमची माहिती, म्हणजे प्रोफाइल, बाहेरून भरता येते) चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात सहज म्हटलं होतं की फोनमधलं ई-सिम आणि मीटर-ट्रॅकरमधलं ई-सिम यात बराच फरक आहे. त्या एका वाक्यावरून एवढे प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जे फारच लांबलचक होते ते थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न : दादा, आमची छोटी टीम आहे, ट्रॅकर बनवतो. बोर्डवर ई-सिमची चिप सोल्डर केलेली आहे. साहेबांचं म्हणणं की फोनवर क्यूआर कोड स्कॅन केला की झालं, तसंच आपलं पण होईल. मला ते काही पटत नाहीये, पण नक्की काय अडचण आहे हे सांगता पण येत नाहीये.

साहेबांना विचारा, ट्रॅकरला कॅमेरा कुठे आहे? आणि स्क्रीन? आणि "हे प्रोफाइल चालू करू का" असं विचारल्यावर "हो" दाबणारा माणूस? फोनमध्ये हे तिन्ही असतं, म्हणून जीएसएमएने (मोबाइल ऑपरेटरांची जागतिक संघटना) फोनसाठी जे स्टँडर्ड काढलं, एसजीपी.२२, त्यात माणूस समोर बसलाय असंच धरलंय. फोनमध्ये एक सॉफ्टवेअर असतं, एलपीए, ते क्यूआरमधला पत्ता वाचतं, ऑपरेटरच्या सर्व्हरकडे जातं (त्या सर्व्हरला एसएम-डीपी-प्लस म्हणतात, नाव भयानक आहे पण काम साधं, प्रोफाइल तयार ठेवणं आणि योग्य चिपला देणं), प्रोफाइल आणतं आणि चिपमध्ये भरतं. चालू कर, बंद कर, डिलीट कर, हे सगळं माणूस त्या एलपीएच्या स्क्रीनवरून करतो.

आता ट्रॅकर कुठेतरी गाडीच्या डॅशबोर्डमागे बसलाय. त्याला कोण सांगणार? म्हणून मे २०२३ मध्ये एसजीपी.३२ आलं, खास आयओटीसाठी, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या मीटर-ट्रॅकरसारख्या वस्तूंसाठी. त्यात माणसाच्या जागी एक सर्व्हर बसवला, ईआयएम, आणि डिव्हाइसमध्ये एलपीएच्या जागी आयपीए आलं. हुकूम ईआयएमकडून सुटतो, आयपीए तो चिपपर्यंत नेतं आणि चिपचं उत्तर परत पोचवतं. ऑपरेटरकडचा एसएम-डीपी-प्लस मात्र तोच, फोनवालाच वापरता येतो, आणि माझ्या मते या स्टँडर्डमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे, कारण ऑपरेटरला काही नवीन उभं करायला सांगितलं की दोन वर्षं गेलीच समजा.

तर तुम्हाला लागणार तीन गोष्टी : एसजीपी.३२ समजणारी चिप, डिव्हाइसच्या फर्मवेअरमध्ये (त्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) आयपीए, आणि कुणाचा तरी ईआयएम. पहिली गोष्ट आधी तपासा. बोर्डवर जी चिप आहे ती फोनवाल्या स्टँडर्डची असेल तर वरून कितीही छान सॉफ्टवेअर लिहा, ती एसजीपी.३२ ची होणार नाही.

प्रश्न : पण आमच्याकडे जुनी एमटूएम (मशीन-टू-मशीन) ई-सिम आहेत, ती पण लांबूनच बदलता येतात की. मग हे नवीन कशाला?

येतात ना, कोण नाही म्हणतंय. ते एसजीपी.०२, २०१३ च्या शेवटी आलेलं, आणि गाड्यांमध्ये वगैरे खूप चाललं. पण त्यात दोन त्रास. एक म्हणजे चिपला जागं करायला सहसा एसएमएस लागतो, आणि आता एनबी-आयओटीवर (कमी वीज, कमी डेटावाल्या डिव्हाइससाठीचं मोबाइल नेटवर्क) कित्येक ठिकाणी एसएमएसच नसतो. दुसरा त्रास मोठा : मध्ये एसएम-एसआर नावाचा सर्व्हर असतो, चिप त्याला बांधलेली, आणि नवीन ऑपरेटरला आपलं प्रोफाइल द्यायचं तर त्याच्या सर्व्हरला या एसएम-एसआरशी जोडून घ्यावं लागतं. म्हणजे दोन कंपन्यांच्या टेक्निकल टीम, दोन्हीकडचे वकील, टेस्टिंग, आणि तुम्ही मध्ये मेल फॉरवर्ड करत बसलाय. ज्याची लाखांत डिव्हाइस आहेत त्याला हे परवडतं, पाचशेवाल्याला कोण विचारतो.

जी डिव्हाइस आधीच बाहेर आहेत ती आहेत तशी चालू द्या. फक्त डिव्हाइसचं फर्मवेअर बदलून जुनी चिप नवीन होत नाही, हे आत्ताच लक्षात घ्या म्हणजे मीटिंगमध्ये कुणी तसं म्हणालं तर गप्प बसवता येईल.

प्रश्न : सर, मी फर्मवेअर लिहितो. माझी खरी भीती एकच आहे, नवीन प्रोफाइल चालू केलं आणि नेटवर्कच आलं नाही तर? डिव्हाइस हजार किलोमीटरवर आहे, तिथे कोण जाणार?

वा, हा खरा प्रश्न. बाकी सगळे डाउनलोडची काळजी करत असतात आणि डाउनलोड हा त्यातला सोपा भाग आहे, तुटलं तर पुन्हा करता येतं कारण जुनं प्रोफाइल अजून चालूच असतं. जीव टांगणीला लागतो तो बदलाच्या त्या काही मिनिटांत. कारण एका वेळी एकच प्रोफाइल चालू, त्यामुळे (जुनं "अ", नवीन "ब" धरा) "ब चालू कर" म्हटलं की "अ" आपोआप बंद, आणि ज्या रस्त्याने तो हुकूम आला तो रस्ताच गेला.

यासाठी एसजीपी.३२ मध्ये रोलबॅक आहे. ईआयएम "ब चालू कर" म्हणताना सोबत रोलबॅकची खूण पाठवू शकतो. आयपीए ते पॅकेज, म्हणजे ईआयएमने सही केलेला हुकूम, चिपला देतं, चिप प्रोफाइल बदलते, मोडेम (डिव्हाइसमधला नेटवर्कशी बोलणारा भाग) पुन्हा नेटवर्कला जोडून घ्यायला बघतो, आणि आयपीए निकाल ईआयएमला कळवायला बघतं. कळवता आलं तर ठीक. नाहीच आलं तर आयपीए चिपला म्हणतं मागे फिर, आणि चिप "अ" वर परत येते, त्यासाठी ईआयएमची नवीन सही लागत नाही कारण परवानगी आधीच्याच पॅकेजमध्ये आलेली असते.

कागदावर सुंदर आहे. पण "नाहीच आलं" हे ठरवायचं कुणी? तुम्ही, म्हणजे आयपीए लिहिणाऱ्याने, आणि इथेच माती खातात लोक. टायमर एक मिनिटाचा ठेवला तर एनबी-आयओटीचा मोडेम नवीन नेटवर्क शोधताना सगळे बँड चाळत बसतो, त्याला कधीकधी कितीतरी मिनिटं लागतात, आणि तुम्ही चांगलं चाललेलं प्रोफाइल मागे फिरवून मोकळे. फार मोठा ठेवला तर डिव्हाइस तेवढा वेळ मुकं. माझं मत विचाराल तर मोठाच ठेवा, मुकं डिव्हाइस परत बोलतं, पण उगाच मागे-पुढे होणाऱ्या डिव्हाइसचा हिशोब लावताना वेड लागायची पाळी येते.

आणि वॉचडॉग! तुमच्या फर्मवेअरमध्ये कुठेतरी कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेलं असणार की दहा मिनिटं नेटवर्क नाही तर रीबूट. आता बघा, रोलबॅकचा टायमर पंधरा मिनिटांचा, वॉचडॉग दहाचा, डिव्हाइस दहाव्या मिनिटाला रीबूट होतं, टायमर रॅममध्ये होता तो गेला, आयपीए शून्यापासून सुरू होतं, त्याला माहीतच नाही की आपण बदलाच्या मध्यात होतो, ते आपलं शांतपणे "ब" वर नेटवर्कची वाट बघत बसतं आणि दहा मिनिटांनी परत रीबूट. हे असं बॅटरी संपेपर्यंत चालतं. म्हणून चिपला पॅकेज द्यायच्या *आधी* फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवा की बदल चालू आहे, आधीचा आयसीसीआयडी (प्रोफाइलचा नंबर) हा, सुरू झालं अमुक वेळी. बूट झाल्यावर आयपीएने पहिलं काम म्हणजे ही नोंद वाचणं. आणि रीबूटनंतर तुमची चिप रोलबॅक ऐकते का हे टेबलावर वीज काढून-घालून करून बघा, डेटाशीटवर विसंबू नका.

अजून एक, नेटवर्कला जोडलं म्हणजे काम झालं असं नाही. समजा नवीन ऑपरेटरकडे तुमचा खाजगी एपीएन (ऑपरेटरच्या नेटवर्कमधून डेटा बाहेर जायचा दरवाजा) आहे, त्यातून ईआयएम दिसतो पण तुमचा स्वतःचा सर्व्हर फायरवॉलमुळे दिसत नाही. ईआयएमच्या दृष्टीने सगळं हिरवं, तुमच्या दृष्टीने डिव्हाइस मेलेलं. तर मागे फिरायचं की नाही हे ठरवताना आपल्या सर्व्हरलाही एक हाक मारून बघा, आणि ती लागल्याशिवाय ईआयएमला "झालं" म्हणून कळवायची घाई करू नका.

रोलबॅक फक्त बदलाच्या वेळेपुरतं हं. "ब" दोन महिने छान चाललं आणि मग ऑपरेटरने काही कारणाने बंद केलं तर ते कामाचं नाही. त्यासाठी फॉलबॅक वेगळं, म्हणजे एका प्रोफाइलला आधीच खूण करून ठेवायची की काहीच चाललं नाही तर यावर ये. स्टँडर्डच्या नंतरच्या आवृत्तीत ते आहे, तुमच्या चिपमध्ये आहे का ते विकणाऱ्याला लेखी विचारा. आणि नवीन प्रोफाइल लागलं की जुनं लगेच डिलीट करायची जी घाई असते ना, ती करू नका. राहू दे पडून दोन-चार आठवडे.

प्रश्न : आयपीए डिव्हाइसमध्ये ठेवावं की चिपमध्ये? दोन्ही प्रकार असतात असं वाचलं.

असतात. डिव्हाइसमधलं तुमच्या हातात, अपडेट तुम्ही करणार, टायमर तुमचे. चिपमधलं चिपवाल्याच्या हातात, तुम्हाला कोड लिहावा लागत नाही पण मोडेमने चिपच्या बारीकसारीक मागण्या नीट पुरवायला हव्यात आणि सगळे मोडेम तेवढे गुणी नसतात. टीममध्ये फर्मवेअरवाला असेल तर डिव्हाइसमधलंच घ्या. वरच्या प्रश्नातलं सगळं रामायण वाचल्यावर ते टायमर दुसऱ्याच्या हातात द्यावेसे वाटतायत का तुम्हाला?

प्रश्न : ताई किंवा दादा जे कोण असाल ते, आमच्याकडे चिप म्हणते प्रोफाइल एनेबल झालंय, यादीत पण दिसतंय, पण मोडेम जुन्याच नंबरवर अडकलाय किंवा नेटवर्क पकडतो आणि डेटा शून्य. तीन दिवस झालेत.

दादा. हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र करू नका.

मोडेम जुन्यावरच अडकलाय : प्रोफाइल बदललं की चिप मोडेमला रिफ्रेश सांगते, म्हणजे माझ्यातलं सगळं नव्याने वाच. काही मोडेमचं फर्मवेअर हे नीट ऐकत नाही, किंवा तुम्ही चिपशी बोलायला उघडलेलं लॉजिकल चॅनल (बोलण्यापुरती वेगळी लाइन) बंदच केलं नाहीत त्यामुळे गोंधळ होतो. एटी कमांडने (मोडेमला द्यायच्या मजकुरी आज्ञांनी) बोलत असाल तर सीसीएचओने चॅनल उघडायचं, सीजीएलएने बोलायचं आणि सीसीएचसीने बंद करायचं, हा शेवटचा भाग एररच्या वाटेने गेल्यावर बऱ्याचदा राहून जातो. चॅनल मोजकेच असतात, दोन-तीनदा असं झालं की उघडायलाच नकार मिळतो. बंद करून बघा, नाही झालं तर बदलानंतर मोडेमचा रेडिओ बंद-चालू करा, कुरूप आहे पण चालतं.

नेटवर्क आहे, डेटा नाही : आधी एपीएन. दहातल्या बहुतेक वेळी एपीएनच. जुन्या ऑपरेटरचा एपीएन फर्मवेअरमध्ये पक्का लिहिलेला असतो आणि नवीन ऑपरेटरला तो माहीत नसतो. आयसीसीआयडी किंवा आयएमएसआयच्या (नेटवर्कवर ग्राहक ओळखायचा नंबर) सुरुवातीच्या आकड्यांवरून एपीएन निवडणारं टेबल ठेवा, आणि ते टेबल प्रोफाइल बदलण्याच्या आधी डिव्हाइसवर पोचवा, नंतर पोचवायला रस्ताच नसेल. मग ऑपरेटरकडे विचारा प्लॅन खरंच चालू केलाय का, प्रोफाइल चिपमध्ये उतरलं म्हणजे प्लॅन चालू झाला असं नसतं. काही मोड्यूलमध्ये ऑपरेटरप्रमाणे वेगळी सेटिंग फाइल असते, ती आपोआप निवडायची सोय बंद असेल तर तीही बघा.

आणि हे सगळं ठीक असून फक्त आयपीएचंच कनेक्शन लागत नसेल तर घड्याळ बघा. खरंच. घड्याळाला बॅटरी नसलेलं डिव्हाइस चालू झालं की त्याच्या मते साल १९७० असतं, ते टीएलएस (सुरक्षित कनेक्शनची पद्धत) सर्टिफिकेटची तारीख तपासतं, म्हणतं हे तर अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि कनेक्शन तोडतं. चिपला स्वतःचं घड्याळ नसतं त्यामुळे ती या भानगडीत नाही, पण आयपीएला बरोबर वेळ माहीत असावी लागते. नेटवर्ककडून वेळ घ्या, मग ईआयएमकडे जा.

प्रश्न : डाउनलोड मध्येच तुटलं तर? आमच्या इथे सिग्नल फार खराब असतो.

अर्धवट उतरलेलं प्रोफाइल चिप ठेवत नाही, टाकून देते. सर्व्हर ती ऑर्डर तुमच्या ईआयडीला, म्हणजे चिपच्या ३२ आकडी नंबरला, बांधून ठेवतो त्यामुळे त्याच चिपवरून पुन्हा मागता येतं. पण प्रयत्नांना मर्यादा असू शकते! सर्व्हर एका टप्प्यानंतर "फार वेळा झालं" म्हणून नाही म्हणतो आणि मग ऑपरेटरकडून नवीन ऑर्डर. त्यामुळे जे लोक चुकलं की लगेच पुन्हा, चुकलं की लगेच पुन्हा असा लूप लिहितात त्यांची ऑर्डर सकाळपर्यंत मेलेली असते. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबा आणि सिग्नल एका पातळीच्या खाली असेल तर सुरूच करू नका.

प्रोफाइल दोन आकडी केबीच्या घरात असतं, म्हणजे फार नाही, पण चिपला ते जास्तीत जास्त २५५ बाइटच्या तुकड्यांत द्यावं लागतं आणि हळू सिरीयल पोर्टवर त्याला वेळ लागतो. तुमचं डिव्हाइस फारच गरीब असेल, मेमरी कमी, एनबी-आयओटी वगैरे, तर दुसरा मार्ग आहे : आयपीएने स्वतः एसएम-डीपी-प्लसकडे जायचंच नाही, ईआयएम त्याच्या वतीने जाऊन आणतो आणि डिव्हाइसला हलक्या प्रोटोकॉलवर, कोॲप आणि डीटीएलएसवर, देतो. मध्ये ईआयएम असला तरी प्रोफाइल चिपच्याच किल्लीने कुलूपबंद असतं, त्याला आत काय आहे ते दिसत नाही.

प्रश्न : आमचं डिव्हाइस लिनक्सवर आहे आणि खरं सांगायचं तर रूट (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड फार काही भारी नाही. कुणी घुसलं तर आमची सगळी सिम पळवेल का?

आधी पासवर्ड बदला, मग पुढचं वाचा.

एसजीपी.३२ मध्ये आयपीए म्हणजे पोस्टमन. ईआयएम जे पॅकेज पाठवतो त्यावर त्याची सही असते, आत कुठल्या चिपसाठी आहे तो ईआयडी असतो आणि एक चढता आकडा असतो म्हणजे कालचं पॅकेज आज पुन्हा खपवता येत नाही. हे सगळं चिप स्वतः तपासते. त्यामुळे डिव्हाइसमध्ये घुसलेला माणूस पत्र अडवून ठेवू शकतो, फाडू शकतो, पण खोटं लिहू शकत नाही. फोनवाल्या चिपमध्ये मात्र एलपीएने "बंद कर, डिलीट कर" म्हटलं की चिप सही-बिही मागत नाही, ऐकते. तिथे रूट गेलं तर प्रोफाइल डिलीट होणं चुटकीसरशी. आयओटीमध्ये फोनची चिप आणि स्वतः लिहिलेला एलपीए वापरणारे बरेच आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

एक फट मात्र आहे. चिपमध्ये एकही ईआयएम नोंदलेला नसेल तर पहिला ईआयएम डिव्हाइसकडूनच, सहीशिवाय, घालता येतो. एकदा एक नोंदला की पुढचे त्याच्या सहीनेच येतात. म्हणजे फॅक्टरीतून बाहेर पडतानाच आपला ईआयएम घालून पाठवा, "नंतर घालू" म्हणालात तर दुसरं कुणीतरी घालेल.

आणि चिप म्हणजे अभेद्य किल्ला असंही समजू नका. जुलै २०२५ मध्ये पोलंडच्या सिक्युरिटी एक्सप्लोरेशन्स या संस्थेने दाखवलं की किगेनच्या (ई-सिमचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) चिपमध्ये जीएसएमएचं टेस्ट प्रोफाइल, टीएस.४८, वापरून परक्याचं ॲप्लेट (चिपवर चालणारं छोटं ॲप) घालता येतं आणि चिपच्या सर्टिफिकेटची खाजगी किल्लीसुद्धा बाहेर काढता येते. चिप हातात लागणं आणि टेस्ट प्रोफाइलच्या जाहीर किल्ल्या, एवढं त्याला लागत होतं, असं किगेनचं म्हणणं. किगेनने दुरुस्ती दिली आणि टीएस.४८ ची सातवी आवृत्ती आली ज्यात टेस्ट प्रोफाइलचा वापर आवळला. म्हणून चिप विकत घेताना दोन प्रश्न विचारा, टेस्ट प्रोफाइलचं काय केलंय, आणि चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर बाहेर गेल्यावर अपडेट होतं का. दुसऱ्या प्रश्नावर सेल्सवाला "बघून सांगतो" म्हणाला तर उत्तर मिळालं समजा.

प्रश्न : प्रोफाइल डिलीट केलं, डिव्हाइसवर यादीत नाही, तरी ऑपरेटरच्या पोर्टलवर ते "इन्स्टॉल्ड" दिसतंय आणि बिल येतंय.

नोटिफिकेशन गेलं नाही. इन्स्टॉल, चालू, बंद, डिलीट, यानंतर चिप नोटिफिकेशन तयार करून आपल्याजवळ ठेवते, ते सर्व्हरपर्यंत पोचवणं आयपीएचं काम, आणि पोचल्यावर चिपमधून काढणंही त्याचंच. अडकलेली यादी वाचा, पाठवा. बिल मात्र बहुतेक ठिकाणी प्लॅन बंद केल्यावरच थांबतं, डिलीट केल्यावर नाही, त्यामुळे ते ऑपरेटरकडे वेगळं सांगा.

प्रश्न : आयपीएने ईआयएमला किती वेळाने विचारत राहायचं, माझ्यासाठी काही आहे का म्हणून? बॅटरीवरचं डिव्हाइस आहे.

प्रोफाइल वर्षात एखाददा बदलणार आणि तुम्ही दर तासाला विचारणार, काय फायदा. डिव्हाइस तसंही डेटा पाठवायला उठतंच, तेव्हाच तुमच्या सर्व्हरच्या उत्तरात एक खूण पाठवा की ईआयएमकडे जा, मगच आयपीए जाईल. त्याशिवाय आठवड्यातून एकदा स्वतःहून विचारू दे, तुमचा सर्व्हरच बंद पडला तर उपयोगी पडेल. फक्त ती वेळ सगळ्या डिव्हाइसची एकच ठेवू नका, बरोबर मध्यरात्री बारा वाजता हजारो डिव्हाइस एकदम उठली की ऑपरेटरचा फोन येतो. जीएसएमएचं टीएस.३४ आहे, आयओटी डिव्हाइसने नेटवर्कवर कसं वागावं त्याबद्दल, त्यात पण हेच, वेळा विखुरलेल्या ठेवा आणि नकार मिळाला तर अंतर वाढवत जा. ईआयडीच्या शेवटच्या आकड्यांवरून मिनिट ठरवलं तरी पुरतं.

प्रश्न : आयपीए स्वतः लिहावं की विकत घ्यावं?

शिकायला स्वतः काहीतरी लिहा. एलपॅक नावाचं ओपन सोर्स आहे, सी मध्ये, ते फोनवाल्या स्टँडर्डचं म्हणजे एलपीए आहे पण चिपशी बोलायचा भाग त्यातून छान समजतो, एटी, क्यूएमआय, एमबीआयएम सगळ्या मार्गांनी बोलतं. कार्ड रीडरला ई-सिम लावून यादी वाचण्यापासून सुरुवात करा. बाजारात पाठवायच्या डिव्हाइससाठी मात्र मोडेमवाल्याकडे तयार आयपीए आहे का ते आधी बघा, आणि घेताना रोलबॅकचा टायमर आपल्याला बदलता येतो की नाही ते विचारून घ्या. येत नसेल तर दुसरं बघा.